गावाकडे सहावी ते आठवी: शाळा निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. गावातली शाळा चौथीला किंवा पाचवीला संपते आणि पुढे कुठे घालायचं यावर घरात एकमत होत नाही. माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, मी स्वतः चार वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होते, म्हणून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या आया मला विचारतात. प्रश्न तेच तेच येतात, तेव्हा उत्तरं एकदा नीट लिहून काढली. हे सगळं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांबद्दल आहे.

१. आमची शाळा चौथीपर्यंत, शेजारच्या गावची सातवीपर्यंत, बाजारगावची पाचवी ते दहावी. असं का?

आपल्याकडे जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी होती. जिल्हा परिषदेने चौथीपर्यंतच्या किंवा सातवीपर्यंतच्या शाळा काढल्या, शिक्षणसंस्थांनी पाचवी ते दहावीची हायस्कुलं काढली. मराठवाड्यात आणि विदर्भात जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुलंही आहेत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक धरली आहे. नवी घडी बसवायला राज्याने २ जुलै २०१३ ला शासन निर्णय काढला: १ किलोमीटरच्या आत पाचवीची सोय नसेल तर चौथीच्या शाळेला पाचवी जोडायची, ३ किलोमीटरच्या आत आठवी नसेल तर सातवीच्या शाळेला आठवी जोडायची. काही ठिकाणी वर्ग जोडले गेले, काही ठिकाणी नाही. म्हणून एकाच केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटात, तीन प्रकारच्या शाळा दिसतात.

तुमच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट एकच. शाळा बदलायची वेळ आली की मुलं गळतात, मुली जास्त. सातवीला संपणाऱ्या शाळेत घातलंत तर दोन वर्षांत पुन्हा दाखला काढावा लागणार, हे आधीच धरून चाला.

२. जिल्हा परिषद, अनुदानित, आश्रमशाळा, नवोदय यांत फरक काय?

जिल्हा परिषदेची शाळा पूर्ण सरकारी असते, तिथे फी नसते. अनुदानित शाळा संस्थेची असते, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. संस्था खाजगी असली तरी गावाकडे हिलाच ‘हायस्कूल’ म्हणून ओळखतात आणि सहावीनंतरची बरीच मुलं इथेच जातात. आश्रमशाळा निवासी असते. आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा आहेत आणि संस्थांनी चालवलेल्या अनुदानितही आहेत. जवाहर नवोदय विद्यालय केंद्र सरकारचं, निवासी, आणि तिथे सहावीला प्रवेश परीक्षेतूनच मिळतो (प्रश्न १३). स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा या सगळ्यांत येत नाहीत, म्हणून इथे त्यांची तुलना केलेली नाही.

३. सहावी ते आठवीच्या शाळेत किमान काय असायलाच हवं?

शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत ते स्पष्ट लिहिलं आहे. वर्गाला किमान एक शिक्षक, आणि त्यांतून विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं व भाषा या तिन्ही गटांना प्रत्येकी एक शिक्षक मिळाला पाहिजे. ३५ मुलांमागे एक शिक्षक. पट १०० च्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक, शिवाय कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक. वर्षात किमान २२० दिवस शाळा आणि १,००० तास शिकवणं. पहिली ते पाचवीला हेच आकडे २०० दिवस आणि ८०० तास आहेत. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, वाचनालय, खेळाचं मैदान, कुंपण, आणि चालायला अडचण असलेल्या मुलाला वर्गापर्यंत जाता येईल अशी सोय हेही त्यात आहे.

आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात. दुपारचं जेवणही आठवीपर्यंत असतं. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ, मिळून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. हे अनुदानित शाळेतही लागू आहे. ‘ते फक्त झेडपीला असतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

४. दोन शाळा समोर आहेत. सगळ्यात आधी काय बघू?

वर्गात गणित-विज्ञान कोण शिकवतं ते.

इमारत नंतर, गणवेश नंतर, इंग्रजी नंतर. पाचवीपर्यंत एक चांगला शिक्षक सगळे विषय शिकवून नेऊ शकतो. सहावीपासून तसं होत नाही. पूर्णांक संख्या, बीजगणित, विद्युत परिपथ, राज्यघटना हे सगळं इथे सुरू होतं, आणि ज्याने तो विषय शिकलेला आहे त्यानेच तो शिकवायला हवा. म्हणून जिल्हा परिषदेत सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षकाचं पद असतं: एक भाषेचं, एक गणित-विज्ञानाचं, एक सामाजिक शास्त्रांचं. तुमच्या तालुक्यात रिकामी राहिलेली पदं शोधलीत तर गणित-विज्ञानाचंच पद बहुतेक वेळा पुढे येईल, कारण विज्ञान पदवीधर तिकडे कमी वळतात.

मुख्याध्यापकांना सरळ विचारा: ‘सातवीला गणित कोण घेतं? ते कायम आहेत का? किती वर्षं झाली?’ उत्तर चटकन आणि नावासकट आलं तर चांगलं. ‘आम्ही सगळे मिळून घेतो’ असं आलं तर पद रिकामं आहे असं समजा. माझ्या थोरल्याच्या वेळी मी हा प्रश्न विचारलाच नाही. नवी रंगवलेली इमारत आणि संगणकांची खोली बघून हरखून गेले. सहावीचं अख्खं वर्ष विज्ञानाला शिक्षक नव्हता आणि ते मला दिवाळीनंतर, त्याची कोरी वही हातात घेतली तेव्हा कळलं. धाकटीच्या वेळी पहिला प्रश्न तोच विचारला.

५. ही माहिती शाळेत न जाता मिळते का?

बरीचशी मिळते. देशातल्या प्रत्येक शाळेला यू-डायस क्रमांक असतो. तो ११ अंकी असून महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर किंवा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर तो सापडेल. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘आपली शाळा ओळखा’ या भागात क्रमांक टाकला की शाळेचं पत्रक उघडतं. त्यात वर्गवार पट, शिक्षकांची संख्या, माध्यम, सर्वांत खालचा व वरचा वर्ग, स्वच्छतागृहं, वीज, पाणी, संगणक, ग्रंथालय असं सगळं दिसतं. मोबाईलवर चालतं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, हे आकडे ३० सप्टेंबरच्या स्थितीवर भरले जातात. एप्रिलमध्ये बघाल तेव्हा मधे एखादे सर बदलून गेलेले असू शकतात. दोन, ‘स्वच्छतागृह: आहे’ एवढंच तिथे कळतं, त्याला कडी आहे का, आत पाणी येतं का, हे कळत नाही. म्हणून पत्रकावरून दोन-तीन शाळा निवडा आणि मग पायांनी जाऊन बघा.

६. शाळा बघायला गेलं की नेमकं काय बघायचं?

आधी जायचा दिवस. प्रवेशोत्सवाला, गॅदरिंगला किंवा १५ ऑगस्टला जाऊ नका, त्या दिवशी प्रत्येक शाळा छान दिसते. साधा मंगळवार-बुधवार निवडा आणि जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी पोचा. सुट्टी संपल्यावर वर्ग पुन्हा किती लवकर भरतो त्यावर शाळेची शिस्त कळते. मुख्याध्यापकांना आधी नमस्कार करून, पालक म्हणून शाळा बघायची आहे असं सांगितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

वह्या मागा. कुठल्याही सातवीच्या मुलाची गणिताची आणि मराठीची वही. तपासलेली आहे का, तारखा सलग आहेत का, चूक झाली तिथे नुसती फुली आहे की बरोबर कसं ते लिहिलं आहे. मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एखादं पान सापडतं का, की सगळं फळ्यावरून उतरवलेलं? मला विचाराल तर वही शाळेचा आरसा आहे. ती एका दिवसात तयार करता येत नाही.

मग हजेरी. भिंतीवरच्या फळ्यावर पट आणि उपस्थिती रोज लिहिलेली असते. पट ३२ आणि हजर १७ असेल तर कारण विचारा. सुगीचे दिवस असतील तर मुलं रानात असतात, ते समजण्यासारखं आहे. पण जानेवारीतल्या सामान्य बुधवारीही निम्मा वर्ग नसेल तर मुलांना शाळेत यावंसं वाटत नाही, हे उघड आहे.

जेवण कुठे शिजतं, मुलं कुठे बसतात, सगळी एका पंगतीत बसतात का, हे डोळ्यांनी बघा. मुलींच्या स्वच्छतागृहात एका बाईने स्वतः जाऊन यावं. ग्रंथालयाचं कपाट उघडायला सांगा. किल्ली लगेच सापडली तर पुस्तकं वापरात आहेत. शेवटी फाटकाबाहेर आठवीच्या दोन मुलींशी बोला: ‘तुम्हाला कुठला तास आवडतो?’ विषयाचं नाव घेताना त्या कुठल्या बाईंचं किंवा सरांचं नाव सोबत घेतात, ते ऐका.

७. एका शाळेचा दहावीचा निकाल १०० टक्के आहे. तीच चांगली ना?

कदाचित असेल, पण त्या आकड्यावरून ते ठरत नाही. शंभर टक्के म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभर टक्के. किती बसले नाहीत, ते त्यात येत नाही. कच्ची मुलं नववीत मागे राहतात, शाळा सोडतात किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात. मग उरलेल्यांचा निकाल झकास लागतो.

त्यापेक्षा असं विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला त्यांतली किती बसली? आठवीत ६० आणि दहावीला ५६ बसून ९० टक्के निकाल लागला, ती शाळा आठवीत ६० आणि दहावीला ३८ बसून १०० टक्के लागलेल्या शाळेपेक्षा माझ्या लेखी खूपच वर आहे. तुमचं मूल साधारण असेल तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा, कारण ते मधल्या बावीसांत जाऊ शकतं.

८. ‘असर’च्या अहवालात किंवा सरकारी सर्वेक्षणात आमच्या शाळेचा नंबर कितवा?

तिथे शाळेचा नंबर नसतोच. ‘असर’ हा प्रथम संस्थेचा ग्रामीण भागातला अहवाल २००५ पासून निघतो. त्यात मुलांना घरी जाऊन तपासतात आणि आकडे राज्याचे, काही वर्षी जिल्ह्याचे येतात. सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ मध्ये झालं. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ हे सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालं. तेही निवडक शाळांचं आणि जिल्ह्याचं चित्र दाखवतं.

पण ‘असर’ची पद्धत घरी वापरण्याजोगी आहे. दुसरीच्या पातळीचा परिच्छेद न अडखळता वाचता येतो का, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं का, एवढंच ते बघतात. सहावीत जाणाऱ्या आपल्या मुलाला मे महिन्यात हे करायला लावा. अडत असेल तर नव्या शाळेत पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, लपवलं तर मात्र आठवीपर्यंत ते तसंच राहतं.

९. शिष्यवृत्तीत मुलं लागतात, ही शाळा निवडायची खूण धरावी का?

अर्धी खूण. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला झाली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. गुणवत्ता यादीत दोन मुलं आल्याचा फलक लागतो, पण ती दोन मुलं स्वतःच हुशार असू शकतात. किती मुलं बसवली आणि किती पात्र झाली, हे विचारा. वर्गातल्या सगळ्यांना बसवून निम्मी पात्र करणारी शाळा मला जास्त भरवशाची वाटते.

आठवीत असलेली दुसरी परीक्षा, आर्थिक दुर्बल घटकांसाठीची एनएमएमएस, याबद्दल मात्र नक्की विचारा. पालकांचं वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजारांच्या आत असेल तर मूल बसू शकतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. सातवीत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्के सूट आहे. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. मूल आठवीला विनाअनुदानित इंग्रजी शाळेत किंवा नवोदयमध्ये असेल तर ती मिळत नाही. चार वर्षांचे ४८,००० होतात. शेतमजुराच्या घरात त्यावर बारावी होते.

१०. सेमी-इंग्रजी घ्यावं की पूर्ण मराठी?

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी मराठीतून. मूल पाचवीपर्यंत पूर्ण मराठीत शिकलं असेल आणि सहावीत एकदम सेमी घेतलं, तर त्याच वर्षी विषय अवघड होतो आणि भाषाही बदलते. घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी तपासा. शिकवणारे स्वतः गणित इंग्रजीतून समजावतात, की पुस्तक इंग्रजी आणि बोलणं मराठी असा मामला आहे? आणि सेमीचा वर्ग दहावीपर्यंत त्याच शाळेत आहे का? मधेच मराठीत परत यावं लागलं तर मुलाचे हाल होतात. हे दोन्ही नीट असेल तर सेमी घ्यायला माझी हरकत नाही. नुसतं शेजाऱ्यांनी घेतलं म्हणून घेऊ नका.

११. जवळच्या शाळेत सहावी-सातवी मिळून १४ मुलं आहेत. कमी पटाच्या शाळेत घालावं का?

हा प्रश्न कोकणातून आणि डोंगरी तालुक्यांतून सगळ्यात जास्त येतो आणि याचं सरसकट उत्तर नाही.

कमी पट स्वतःहून वाईट नाही. चौदा मुलांत कच्चं मूल मागच्या बाकावर हरवत नाही. दोन इयत्ता एकत्र बसवून शिकवणं, ज्याला जोडवर्ग म्हणतात, तेही जमलेला शिक्षक सुरेख करतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा लहानशीच. तिला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला.

धोका आहे तो पदांचा. किती शिक्षक द्यायचे हे पटावरून ठरतं, त्याला संच मान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने कमी पटाच्या वर्गांसाठी हे निकष कडक केले आणि शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. शिवाय २०२३ पासून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. म्हणजे आज असलेले दोन शिक्षक पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.

म्हणून तीन वर्षांचा पट विचारा: १६, १५, १४ की २८, २०, १४? पहिला स्थिर आहे, दुसरा ओसरतोय. वाडीत पुढच्या दोन वर्षांत पाचवी पास होणारी मुलं किती, ते तुम्हालाच शाळेपेक्षा जास्त माहीत असतं. पट स्थिर असेल आणि गणिताचा शिक्षक असेल तर जवळची शाळाच घ्या. तिसरी-चौथीतल्या मुलांच्या आयांना बोलावून एकत्र ठरवलंत तर आणखी बरं. एकेका घराने मूल बाहेर नेलं की पट पडतो, शिक्षक जातो, आणि ज्यांना बाहेर पाठवणं परवडत नाही त्यांची मुलं तिथे उरतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

१२. चांगली शाळा ७ किलोमीटरवर आहे. मुलीला पाठवावं का?

अंतरापेक्षा येण्या-जाण्याची खात्री बघा. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात आणि शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. तुमचा तालुका त्यात आहे का, हे पंचायत समितीत किंवा आगारात कळेल.

एकदा स्वतः त्या गाडीने जाऊन या, शाळा भरायच्या वेळेला आणि सुटायच्या वेळेलाही. गाडी फाट्यावर सोडते की शाळेपाशी? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर फेरी रद्द होते का? वाडीतून आणखी किती मुली जातात? तिघी-चौघी असतील तर मुलगी टिकते. एकटी असेल तर श्रावणापर्यंत घरात कुरबुर सुरू होते आणि दसऱ्यापर्यंत तिची शाळा सुटते. अशा वेळी थोडी कमी चांगली पण जवळची शाळा बरी, किंवा मग निवासी शाळा (प्रश्न १४).

कायद्याप्रमाणे ३ किलोमीटरच्या आत सहावी ते आठवीची सोय नसेल तर प्रवासभत्ता मागता येतो. त्याची यादी शाळेमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्यांकडे, जाते, म्हणून जूनमध्येच नाव द्या.

१३. नवोदयची तयारी करावी का? नाही लागला तर वर्ष वाया जातं का?

वर्ष वाया जात नाही, कारण परीक्षा पाचवीत असतानाच होते आणि मूल कुठल्याही शाळेत सहावीला जाऊ शकतं. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, त्यांतलं एक आपल्या अमरावतीचं, दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात. त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण: निम्मे गुण बुद्धिमत्तेला, बाकीचे गणित आणि भाषेला.

इथे चुका होतात त्या अटींत. मूल ज्या जिल्ह्यात पाचवीला आहे, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज करता येतो. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही पूर्ण वर्षं ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात. चौथीला मामाकडे शहरात ठेवलं असेल तर ती जागा गेली. आणि सहावीची परीक्षा एकदाच देता येते. पाचवी पुन्हा करून बसवायचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, अर्ज बाद होईल.

शिकवणं, राहणं, जेवण मोफत असतं. आठवीच्या आसपास माध्यम बदलतं: गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रं हिंदीतून. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला पाठवतात. घर सोडून राहायला मूल तयार आहे का, हे आधी त्याला विचारा. अकरा वर्षांचं मूल असतं ते.

१४. मुलीसाठी कस्तुरबा विद्यालय किंवा आश्रमशाळा कशी?

कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं २००४ पासून आहेत, शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांत, सहावीपासून, फक्त मुलींसाठी आणि निवासी. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींना, २५ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलींना. शाळा सुटलेल्या मुलींना तिथे आधी घेतात. आदिवासी मुलामुलींसाठी आश्रमशाळांखेरीज एकलव्य निवासी शाळाही आहेत. त्या सहावी ते बारावीच्या आहेत आणि प्रवेश परीक्षेतून घेतात.

निवासी शाळेची तुलना दिवसाच्या शाळेपेक्षा वेगळी करावी लागते. प्रश्न ६ मधलं सगळं बघाच, पण संध्याकाळी जा. अधीक्षिका तिथेच राहतात का? रात्री मूल आजारी पडलं तर गाडी कोणाची, दवाखाना किती लांब? झोपायच्या खोलीत पाणी-वीज आहे का? पालकांना फोन आणि भेट कोणत्या वारी? ही उत्तरं धडपणे देता येत नसतील तर तिथे मुलीला ठेवू नका, मग निकाल कितीही चांगला असो.

१५. आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. कुठली शाळा निवडून काय उपयोग?

उपयोग आहे, आणि तुमच्यासाठी निवडीची कसोटी वेगळी आहे. ज्या शाळेला हंगामी वसतिगृह जोडलेलं आहे ती शाळा घ्या. बीडसारख्या जिल्ह्यांत तुम्ही फडावर असता त्या महिन्यांत मुलांच्या जेवणा-राहण्याची सोय ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून गावातच होते, शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. यादी निघण्याआधी, म्हणजे तुम्ही निघायच्या बऱ्याच आधी, मुलाचं नाव मुख्याध्यापकांकडे लिहून द्या.

मूल बरोबर न्यावंच लागलं तर निघताना शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की मूल आपल्या इयत्तेत बसतं आणि परत आल्यावर गावच्या शाळेत त्याचं नाव असतंच. दाखला काढून नेऊ नका.

१६. जुनी शाळा दाखला देत नाही. नवी शाळा म्हणते दाखल्याशिवाय प्रवेश नाही. जुलै लागला. आता?

दोघांनाही कायदा आडवा येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यायचा असतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्मदाखला नाही, शाळा सुरू होऊन महिना झाला, ही कारणंही चालत नाहीत. पट टिकवायला जुनी शाळा दाखला अडवून धरते, हे बऱ्याचदा खरं कारण असतं. तोंडी भांडू नका. मुख्याध्यापकांच्या नावे दोन ओळींचा अर्ज लिहा, एका प्रतीवर पोच घ्या. सहसा पोच मागितली की दाखला निघतो. नाही निघाला तर तीच प्रत केंद्रप्रमुखांकडे न्या.

१७. मुलाची शाळा चौथीनंतर दोन वर्षं सुटली होती. आता बारा वर्षांचा आहे. पाचवीत घालू?

वयाप्रमाणे ज्या इयत्तेत बसतो त्या इयत्तेत, म्हणजे साधारण सहावी-सातवीत. कलम ४ तसं सांगतं, आणि राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची आहे. अशा मुलासाठी तुलना करताना विचारा: हे प्रशिक्षण कोण देणार, कधी देणार? वय १४ च्या पुढे गेलं तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं.

१८. अनुदानित शाळेत ‘इमारत निधी’ मागतात. द्यावा का?

प्रवेशासाठी देणगी घेणं कलम १३ प्रमाणे गुन्हा आहे, घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो. सहावीला प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणंही त्याच कलमात येतं. नवोदयसारख्या शाळांना त्यातून सूट आहे. पैसे मागितले तर पावती मागा आणि पावतीवर कारण लिहून मागा.

१९. आता आठवीत नापास करतात म्हणे. मग सोप्या शाळेत घालू का?

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. अनुत्तीर्ण झालं तर फेरपरीक्षा मिळते, तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. पण म्हणून शाळेतून काढता येत नाही. सहावी आणि सातवीत मागे ठेवता येत नाही. ‘सोपी’ शाळा शोधण्यापेक्षा फेरपरीक्षेआधी शाळा जादा शिकवणी घेते का, ते विचारा, ती तिची जबाबदारी आहे. आठवीत मूल अडतं ते सहावीत राहिलेल्या गणितामुळे, आणि ते गणित राहतं प्रश्न ४ मध्ये लिहिलेल्या कारणाने.

२०. सगळं बघून शाळा निवडली, आणि दिवाळीआधीच गणिताचे सर बदलून गेले. पुन्हा शाळा बदलू?

लगेच नको. वर्षाच्या मध्यात शाळा बदलली की मुलाचे मित्र तुटतात आणि नव्या ठिकाणीही तेच होणार नाही याची हमी नसते. आधी शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलवायला सांगा. समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे ती तुमचीच आहे. सभेत ठराव करा: इतक्या तारखेपासून सहावी ते आठवीला गणित-विज्ञानाचा शिक्षक नाही, तात्पुरती व्यवस्था करावी. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, सरपंचांनाही एक द्या. केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतून आठवड्याचे दोन दिवस शिक्षक देता येतो आणि तशी व्यवस्था लावलेली मी पाहिली आहे.

ठरावाचं काही झालं नाही तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे पंचायत समिती-जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. आमच्या समितीला त्या वेळी ठराव, दोन अर्ज आणि पंचायत समितीच्या चार चकरा लागल्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बाई सोमवार-गुरुवार येऊ लागल्या. मार्च संपेपर्यंत धाकटीच्या वर्गाचं बीजगणित पुरं झालं होतं.